पीटीआय, यूएनआय आणि त्यांच्या बातमीपत्रिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज सकाळी पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या बातमीवर कंसात 'पीटीआय' किंवा नुसतं 'वृत्तसंस्था' असं दिसतं आणि आपण पुढे वाचत जातो. पीटीआय आणि यूएनआय या अशाच, अनेक पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या वृत्तसंस्था, म्हणजे न्यूज एजन्सी. ही माणसं कोण, त्यांचे पैसे कुठून येतात, सरकार त्यांना काय सांगू शकतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून पत्रकारितेचे विद्यार्थी आणि जुने पेपर चाळणारे वाचक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. माझं मत जिथे आहे तिथे ते सरळ सांगितलंय.

पीटीआय सरकारी आहे का?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि नावात 'प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया' असल्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. पीटीआय ही देशातल्या वर्तमानपत्रांनी मिळून काढलेली कंपनी आहे, शेअर पेपरांच्या मालकांकडे, पण नफा वाटून घ्यायचा नाही असं तिच्या घटनेतच आहे, जे उरेल ते परत एजन्सीच्या कामात घालायचं. संचालक मंडळात पेपरांचे लोक आणि काही बाहेरची नामवंत माणसं असतात, अध्यक्षपद फिरतं राहतं. म्हणजे एकमेकांशी रोज स्पर्धा करणारे पेपर एका ठिकाणी मात्र भागीदार आहेत, कारण प्रत्येक गावात, प्रत्येक कोर्टात, प्रत्येक विधानसभेत स्वतःचा माणूस ठेवणं एकट्याला परवडत नाही.

मग पीआयबी काय आहे?

पीआयबी म्हणजे प्रेस इन्फॉर्मेशन ब्युरो, ते सरकारी खातं. केंद्र सरकारचं म्हणणं पत्रकारांपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम, जसं महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय करतं आणि 'लोकराज्य' काढतं. पीआयबीच्या पत्रकात मंत्री काय म्हणाले ते असतं, एजन्सीच्या कॉपीत, म्हणजे तिने पाठवलेल्या मजकुरात, मंत्री काय म्हणाले, विरोधक काय म्हणाले आणि मागच्या वर्षी हेच मंत्री काय म्हणाले होते हे सगळं असायला हवं.

स्वातंत्र्याआधी पेपरांना बातम्या कोण पुरवायचं?

सुरुवात आपल्या मुंबईतनं होते. १८६५ मध्ये भारत आणि युरोप तारेने जोडले गेले आणि १८६६ मध्ये लंडनच्या रॉयटर्स या न्यूज एजन्सीने हेन्री कॉलिन्स नावाच्या तरुणाला मुंबईत पाठवून ऑफिस उघडलं. मुंबईच का, तर कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि युद्ध संपल्यावर बाजार कोसळून भलेभले बुडाले होते, त्यामुळे लिव्हरपूलचा आजचा भाव दुसऱ्याच्या आधी कळणं म्हणजे काय हे इथल्या व्यापाऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एजन्सीचं गिऱ्हाईक आधी व्यापारी होता, पेपर नंतर आले, हे लक्षात ठेवा कारण बातमीपत्रिकांच्या वेळी ते परत कामाला येईल. १८७० मध्ये मुंबईहून एडन मार्गे सुवेझपर्यंत समुद्राखालून केबल पडली आणि मग तारा आणखी भरवशाने यायला लागल्या.

देशातल्या देशात बातम्या गोळा करायचं काम १९१० च्या आसपास असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, करायला लागली. त्यामागे केशवचंद्र रॉय हा जिद्दीचा बंगाली पत्रकार होता. इंग्रज संपादकांच्या त्या जगात सिमल्याला आणि दिल्लीला सरकारदरबारी त्यांनी स्वतःची जागा तयार केली, पण काही वर्षांतच एपीआय रॉयटर्सच्या ताब्यात गेली आणि नाव भारतीय, मालक लंडनचा, असा कारभार १९४९ पर्यंत चालला. बाहेरच्या जगात भारताबद्दल काय छापलं जाणार आणि भारतात जगाबद्दल काय छापलं जाणार, दोन्ही एकाच गाळणीतनं जायचं.

एस. सदानंद यांचं नाव नेहमी का येतं?

कारण त्या गाळणीला पहिलं मोठं आव्हान त्यांनी दिलं, आणि मुंबईत बसून दिलं. स्वामीनाथन सदानंद यांनी १९२७ मध्ये फ्री प्रेस ऑफ इंडिया ही राष्ट्रीय विचारांची एजन्सी उभी केली. एपीआय ज्या बातम्यांना हात लावत नव्हती त्या सत्याग्रहाच्या, अटकेच्या, लाठीमाराच्या बातम्या ते पाठवायचे, पण ब्रिटिश सरकारच्या भीतीने पेपर त्या छापायला कचरायचे. मग सदानंदांनी स्वतःचेच पेपर काढले, फ्री प्रेस जर्नल काढलं आणि पुढे मराठीत 'नवशक्ति' काढलं. 'नवशक्ति' वाचत मोठ्या झालेल्या गिरणगावातल्या कित्येक घरांना तो पेपर एका न्यूज एजन्सीच्या धडपडीतनं जन्माला आला हे ठाऊकच नसेल. सरकारने जामीनकी मागून, ती जप्त करून त्यांना आर्थिकदृष्ट्या पिळून काढलं आणि १९३५ च्या सुमारास एजन्सी बंद पडली. त्यांच्याकडेच काम केलेल्या विधुभूषण सेनगुप्तांनी १९३३ मध्ये कलकत्त्याला युनायटेड प्रेस ऑफ इंडिया सुरू केली होती, तिने तो वारसा पुढे चालवला. माझ्या मते मुंबईच्या पत्रकारितेच्या इतिहासात सदानंदांना मिळायला हवी तेवढी जागा आपण मराठी लोकांनी अजून दिलेली नाही.

पीटीआय १९४७ ची का १९४९ ची? दोन्ही साल वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर. कंपनीची नोंदणी २७ ऑगस्ट १९४७ ला मद्रासला झाली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बारा दिवसांनी. प्रत्यक्ष काम १ फेब्रुवारी १९४९ पासून सुरू झालं, त्या दिवशी एपीआयचा सगळा पसारा पीटीआयकडे आला. मधला काळ रॉयटर्सशी वाटाघाटीत गेला. पहिले अध्यक्ष 'द हिंदू'चे कस्तुरी श्रीनिवासन, आणि स्थापनेच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांत आपले सदानंद होते आणि 'आनंद विकटन'वाले, जेमिनी स्टुडिओवाले एस. एस. वासन पण होते.

रॉयटर्सपासून पूर्ण सुटका कधी झाली?

१९५३ मध्ये. आधीची चार वर्षं पीटीआय रॉयटर्सची भागीदार होती, त्यांच्या बोर्डावर भारताला जागा होती, काही जणांना तो मान वाटला आणि काही जणांना जुनंच ओझं. १९५३ पासून परदेशी बातम्या विकत घ्यायच्या पण निवडायच्या आणि संपादित करायच्या आपण, असं सुरू झालं. आजही पीटीआय अमेरिकेच्या एपी आणि फ्रान्सच्या एएफपी या एजन्सींच्या बातम्या आपल्या ग्राहकांना देते, आणि मोठ्या राजधान्यांत तिचे स्वतःचे प्रतिनिधी असतात.

एक एजन्सी असताना यूएनआय कशाला काढली?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण उत्तरात एक मराठी माणूस आहे. १९५२ मध्ये पहिला प्रेस कमिशन नेमला गेला, त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. १९५४ च्या अहवालात कमिशनने स्पष्ट म्हटलं की देशाला एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या किमान दोन एजन्सी हव्यात आणि त्यातली एकही सरकारच्या मालकीची नको. कारण उघड आहे, एकच एजन्सी असली आणि तिची चूक झाली किंवा तिच्यावर दबाव आला तर ती चूक दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांत जशीच्या तशी छापून येते आणि ताडून बघायला काही उरत नाही. पण १९५८ मध्ये युनायटेड प्रेस पैशाअभावी बंद पडली आणि पीटीआय एकटीच राहिली. मग काही मोठ्या पेपरांनी मिळून १९५९ च्या डिसेंबरात युनायटेड न्यूज ऑफ इंडिया नोंदवली आणि २१ मार्च १९६१ ला तिचं काम सुरू झालं.

भारतीय भाषांमधनं कुणीच काही केलं नाही का?

केलं की. १९४८ मध्ये मुंबईत शिवराम शंकर ऊर्फ दादासाहेब आपटे यांनी 'हिंदुस्थान समाचार' सुरू केली, अनेक भारतीय भाषांत बातम्या देणारी पहिली एजन्सी. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांशी तिचं नातं होतं आणि आहे, हे वाचकाने डोक्यात ठेवून तिच्या बातम्या वाचाव्यात. पण १९५४ मध्ये देवनागरी टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेवरनं आलेला मजकूर आपोआप कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर, बातम्या पाठवायला तिने सुरुवात केली याचं श्रेय तिला द्यायलाच पाहिजे, कारण तोपर्यंत तारेवर देवनागरीला जागाच नव्हती. १९६० च्या दशकात 'समाचार भारती' आली. यूएनआयने १ मे १९८२ ला हिंदी 'युनिवार्ता' काढली, पीटीआयने १९८६ मध्ये 'भाषा', आणि यूएनआयची उर्दू सेवा १९९२ मध्ये आली.

आणि मराठी पेपरांचं काय व्हायचं?

भाषांतर. कित्येक वर्षं मराठी पेपरच्या रात्रपाळीचं मुख्य काम हेच होतं, टेलिप्रिंटर खडखडत कागदाची लांब पट्टी ओकत राहायचा, चीफ सब, म्हणजे मुख्य उपसंपादक, ती फाडून, फुटपट्टीने तुकडे करून उपसंपादकांना वाटायचा आणि ते इंग्रजीतनं मराठीत उतरवायचे, तेही पहिल्या आवृत्तीची वेळ गाठत. एक बातमी चार-पाच टेकमध्ये, म्हणजे तुकड्यांत, यायची, दुसरा टेक आधी आणि पहिला नंतर, मध्येच लाइन गेली की अक्षरांचा काला व्हायचा, आणि तेवढ्यात 'फ्लॅश'ची, म्हणजे तातडीच्या बातमीची, घंटी वाजली की हातातलं सगळं बाजूला. त्या टेबलावर कुणाच्या नावाने बायलाइन छापून येत नव्हती. पार्लमेंट, बजेट, कसोटी क्रिकेट, अवकाश या सगळ्यांबद्दल मराठीत आज आपण ज्या सवयीने लिहितो-वाचतो तिच्यात या अनाम उपसंपादकांचा वाटा फार मोठा आहे. तोटा पण होता. दिल्लीच्या इंग्रजी डेस्कला जे महत्त्वाचं वाटेल तेच नांदेडच्या वाचकाला देशाची बातमी म्हणून मिळायचं.

आणीबाणीत एजन्सींचं नक्की काय झालं?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण एजन्सी म्हणजे काय ताकद असते हे यातनं सगळ्यात चांगलं कळतं.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली, दुसऱ्या दिवसापासून सेन्सॉरशिप. पण शेकडो पेपर रोज तपासत बसणं कुठल्याही सरकारला जड जातं. त्यापेक्षा जिथनं सगळ्यांना पाणी जातं तो मुख्य नळच हातात घेतला की झालं. तेव्हा चार एजन्सी होत्या, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती. या चौघींचं मिळून एकच करायचं ठरलं. कायदा करावा लागला नाही, पैशाने काम झालं: आकाशवाणी या एजन्सींची सगळ्यात मोठी ग्राहक, तिची वर्गणी बंद होणार म्हटल्यावर पगार कुठून द्यायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि टेलिप्रिंटरच्या लाइनी तर पोस्ट आणि तार खात्याच्याच होत्या. प्रेस कौन्सिल आधीच बरखास्त केली होती म्हणजे दाद मागायलाही जागा नाही. तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल होते. संचालक मंडळांनी विलीनीकरणाचे ठराव केले आणि फेब्रुवारी १९७६ पासून देशात एकच एजन्सी उरली, नाव 'समाचार'.

त्या काळातले मराठी पेपर कुठे बघायला मिळाले तर जरूर बघा, बातमीवर कंसात 'समाचार' असं क्रेडिट दिसेल, आणि मग शेजारी दुसरा पेपर ठेवून तीच बातमी वाचा. राजाध्यक्ष कमिशनने बावीस वर्षांपूर्वी जी भीती लिहून ठेवली होती ती तिथे छापील स्वरूपात समोर येते. मला याचा आजही त्रास होतो, कारण त्या चारही संस्थांमध्ये आयुष्य घालवलेले चांगले बातमीदार होते आणि त्यांना जे दिसत होतं ते लिहिता येत नव्हतं.

'समाचार' कधी मोडली?

मार्च १९७७ च्या निवडणुकीत सरकार बदललं, लालकृष्ण अडवाणी माहिती मंत्री झाले, आणि कुलदीप नय्यर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नय्यर स्वतः आधी यूएनआयचे प्रमुख होते त्यामुळे त्यांना आतलं सगळं माहीत. समितीने जुन्या चार संस्था परत आणण्यापेक्षा नवीन रचना सुचवली होती, भारतीय भाषांसाठी वेगळी आणि इंग्रजीसाठी वेगळी. सरकारने ते मान्य केलं नाही आणि एप्रिल १९७८ मध्ये चारही एजन्सी पुन्हा आपापल्या नावाने सुरू झाल्या. भाषांची एजन्सी बळकट करायची ती संधी गेली असं मला वाटतं. पीटीआय आणि यूएनआय परत उभ्या राहिल्या, समाचार भारती आणि हिंदुस्थान समाचार मात्र पुढच्या काही वर्षांत थंडावल्या. हिंदुस्थान समाचार नंतर पुन्हा सुरू झाली.

एजन्सीची बातमीपत्रिका म्हणजे काय? तारेवरची बातमी आणि ती यात फरक काय?

तार मिनिटामिनिटाची. ती शिळी होते, बातमी दर तासाला बदलते आणि जुना कागद टोपलीत जातो. बातमीपत्रिका आठवड्याच्या किंवा ठरावीक मुदतीच्या अंतराने छापून, पाकिटात घालून टपालाने जायची, त्यात त्या काळातल्या घडामोडी मागची-पुढची माहिती जोडून सावकाश मांडलेल्या असायच्या. ज्यांना टेलिप्रिंटरचं भाडं परवडत नव्हतं अशा साप्ताहिकांना आणि तालुक्याच्या पेपरांना तिचा आधार होता, शिवाय कंपन्या, बँका, वकिलाती, ग्रंथालयं. आधी म्हटलं तसं, बातमीला पेपरांशिवाय दुसरंही गिऱ्हाईक असतं हे रॉयटर्सने कापसाच्या काळातच दाखवलं होतं.

पीटीआयच्या कुठल्या पत्रिका होत्या?

तीन सांगण्यासारख्या. 'पीटीआय इकॉनॉमिक सर्व्हिस', यात अर्थव्यवस्थेवर विश्लेषण असायचं, उद्योग, शेती, व्यापार, सरकारी धोरण. 'पीटीआय सायन्स सर्व्हिस', यात भारतातल्या प्रयोगशाळांत काय चाललंय ते, आणि हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे पेपरांत विज्ञानाला स्वतंत्र बातमीदार क्वचितच असतो, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं काम नागपूरच्या पेपरला कळायचं तर मध्ये असं कुणीतरी लागतं. आणि तिसरी 'डेटा इंडिया', संदर्भासाठीचं साप्ताहिक, देशातल्या घटना विषयवार वर्णानुक्रमाने लावून थोडक्यात दिलेल्या. गुगलच्या आधीच्या काळात अमुक करार कधी झाला, तमुक आयोग कधी नेमला हे शोधायला असं साधन किती मोलाचं असेल याची कल्पना करा, त्या वेळी दुसरा मार्ग म्हणजे कात्रणांच्या फायली उपसत बसणं.

यूएनआयकडे पण शेतीविषयक बातम्यांची वेगळी सेवा होती, पार्श्वभूमी देणाऱ्या लेखांची 'बॅकग्राउंडर' सेवा होती. नंतर दोघींनी टीव्हीच्या पडद्यावर ठळक बातम्या सरकवणाऱ्या सेवा काढल्या, यूएनआयची 'युनिस्कॅन' आणि पीटीआयची 'न्यूजस्कॅन', हॉटेलं आणि ऑफिसांसाठी.

परदेशात वाचली जाणारी अशी पत्रिका कुणी काढली का?

पीटीआयचे मुख्य संपादक राहिलेले चक्रवर्ती राघवन आणीबाणीच्या काळात संस्थेतनं बाहेर पडले आणि पुढे जिनिव्हाला गेले. तिथे १९८० पासून त्यांनी 'सन्स' हे रोजचं बातमीपत्र चालवलं, जागतिक व्यापाराच्या वाटाघाटी गरीब देशांच्या बाजूने समजावून सांगणारं. गॅट या जागतिक व्यापार करारावर आणि त्यातल्या डंकेल प्रस्तावावर आपल्याकडे जो वाद झाला, शेतकरी संघटनेपर्यंत पोचला, त्या काळात जिनिव्हात बंद दाराआड काय चाललंय हे सांगणारे जे थोडे पत्रकार होते त्यात ते होते. त्याच्याही आधी अलिप्त राष्ट्रांच्या एजन्सींनी मिळून बातम्यांची देवाणघेवाण सुरू केली होती, १९७६ मध्ये दिल्लीत त्याची परिषद झाली आणि भारताची बाजू नंतर पीटीआयने सांभाळली. कल्पना मोलाची होती. पण त्यात बऱ्याच देशांच्या एजन्सी सरकारी असल्यामुळे भाषणं जास्त आणि बातमी कमी असं व्हायचं.

पत्रिका काढून बातम्या पाठवणं ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट का?

अजिबात नाही. मोगल दरबारात अखबारनवीस, म्हणजे बातम्या लिहून पाठवणारे लोक, होते, आणि पेशव्यांचे दिल्लीतले वकील, हिंगणे घराणं, तिथली बित्तंबातमी पुण्याला लिहून पाठवायचं, ती पत्रं हिंगणे दप्तर म्हणून छापलेली आहेत. फरक इतकाच की ती एका धन्यासाठी लिहिलेली असायची.

आज या एजन्सींची स्थिती काय आहे?

पीटीआय टिकून आहे, २०२३ मध्ये व्हिडिओ सेवा सुरू केली. यूएनआयचे हाल झाले, पगार थकले आणि २०२३ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्या कर्मचाऱ्यांबद्दल वाईट वाटतं. ऑक्टोबर २०२० मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने पीटीआय आणि यूएनआय दोघींची वर्गणी बंद केली आणि २०२३ मध्ये हिंदुस्थान समाचारशी करार केला. आणीबाणीच्या उत्तरात आकाशवाणीच्या वर्गणीबद्दल लिहिलंय ते परत वाचा. सरकारी पैशावर किती अवलंबून राहायचं हा प्रश्न तेव्हाचाच आहे, आणि त्याचं खरं उत्तर पेपरांनी आपली वर्गणी वाढवून द्यायची तयारी दाखवणं हेच आहे. खासगी एजन्सीही मोठ्या झाल्या, टीव्हीवर माइकवर दिसणारी एएनआय १९७१ पासूनची, आणि आयएएनएस १९८६ मध्ये परदेशातल्या भारतीयांना बातम्या देण्यासाठी निघाली होती, २०२३ मध्ये अदानी समूहाने तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेतला.

एजन्सीची बातमी मी माझ्या पेजवर टाकू शकतो का?

घटना कुणाच्या मालकीची नसते, शब्द असतात. माहिती घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहा आणि कुठून कळलं ते सांगा. अख्खी कॉपी किंवा फोटो उचलून चिकटवणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही, त्यासाठी वर्गणी भरावी लागते.

जुन्या पत्रिकांचे अंक बघायचे असतील तर?

आधी जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिक विभागात विचारा, पत्रकारिता विभागाचं वेगळं ग्रंथालय असेल तर तिथेही. अर्थविषयक नियतकालिकांसाठी पुण्याच्या गोखले संस्थेचं ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटी, दिल्लीला तीन मूर्तीचं ग्रंथालय इथे चौकशी करून बघा. कॅटलॉगमध्ये नाव सापडलं नाही म्हणून लगेच परत फिरू नका, अशा पत्रिका बऱ्याचदा नोंद न होता बांधलेल्या गठ्ठ्यात पडून असतात, जुन्या कर्मचाऱ्याला विचारलं तर तो कपाट उघडून देतो. आणि कुणाच्या घरी माळ्यावर असे गठ्ठे असतील तर रद्दीत घालण्याआधी एखाद्या ग्रंथालयाला फोन करा, विशेषतः १९७५ ते १९७८ मधले अंक असतील तर नक्कीच.